माळ्यावरचे बूट

ट्रेकिंगचे महागडे बूट डोंगरात झिजून जातात अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात त्यांतले कितीतरी माळ्यावर, खोक्यात पडल्या पडल्या संपतात. वरचं कातडं धडधाकट, नाडी नवीकोरी, खालच्या रबराच्या खाचाही शाबूत. आणि काही वर्षांनी कुणीतरी पारगडचा बेत काढला म्हणून ते पायात चढवले, की पहिल्याच चढावर बूट आ वासतो. मोच्याकडे न्यावा तर तो आत बोट घालून बघतो आणि परत देतो, कारण टाका धरायला आत काही उरलेलंच नसतं. पाय टेकतो तो भाग आणि बाहेरचं रबर यांच्यामध्ये दणका सोसणारा एक मऊ थर असतो. पुष्कळ बुटांत तो पॉलियुरेथेनचा असतो. हवेतला ओलावा या पदार्थाचे रेणू हळूहळू तोडत जातो. रसायनशास्त्रात याला जलविघटन म्हणतात. साधारण पाच ते दहा वर्षांत थर भुसभुशीत होतो, मग बूट वापरलेले असोत वा नसोत. किंबहुना न वापरलेले बूट आधी जातात. चालताना तो थर दबतो आणि सुटतो, त्यामुळे ओल बाहेर पडत राहते. बंद खोक्यात ती कोंडते. बूट बनवणाऱ्या कंपन्याच सांगतात की ते नेमाने वापरा आणि हवेशीर जागी ठेवा. बेळगावात हा सल्ला जरा जास्तच मनावर घ्यायला हवा. समुद्रसपाटीपासून सुमारे २५०० फुटांवर, सह्याद्रीच्या माथ्याला खेटून वसलेलं हे गाव. जून ते सप्टेंबर टिळकवाडीतल्या जुन्या घरांच्या भिंतींना ओल येते आणि कपाटातल्या चामडी पट्ट्यावर पांढरी बुरशी धरते. तिथे खोक्यातल्या बुटांचं काय होणार?

या रसायनशास्त्रातून हौसेबद्दलचं एक व्यवहारज्ञान निघतं. डोंगराची हौस रोजच्या आयुष्यातून बाजूला काढली, जपून ठेवली, सुट्टीपुरती राखली, की ती अशीच न वापरता कुजते. शनिवारी-रविवारी आणि तेही जमलं तर, अशा हिशेबाने डोंगर पायात राहत नाही. दूरच्या सपाट प्रदेशातल्या माणसाचा नाइलाज समजू शकतो. टिळकवाडीच्या माणसाला ती सबब नाही. तिसऱ्या रेल्वे गेटावरून निघालं की येळ्ळूरचा राजहंसगड सायकलच्या टप्प्यात आहे. पश्चिमेला देवरवाडीचा वैजनाथ, त्याच्या वर गावासकट नांदणारा महिपाळगड, पुढे चंदगड तालुक्यातले गंधर्वगड, कलानिधीगड आणि कोकणच्या तोंडावर उभा असलेला पारगड. दक्षिणेला खानापूरकडे वळलं की जांबोटी, मलप्रभेचं उगमस्थान कणकुंबी आणि भीमगडचं रान. निपाणीकराला तर तवंदी घाट दारातच. यांतले काही डोंगर महाराष्ट्रात आहेत, काही कर्नाटकात, आणि चोर्ल्याचा घाट उतरला की गोवा लागतो. कागदावरच्या हद्दी मधून जातात, पण पायवाटा त्यांच्याहून जुन्या आहेत. एवढं सगळं अंगणात असताना हौस माळ्यावर जाते कशी, हे बघायचं तर माणसाच्या आयुष्यात बूट कसे येत गेले तेच बघावं.

शाळकरी पोराचे काळे बूट जपायचे असतात, त्यामुळे सगळी धुळवड कवायतीच्या पांढऱ्या कॅनव्हासच्या वाट्याला येते. त्याच बुटांवर लेले मैदानात क्रिकेट, त्याच बुटांवर व्हॅक्सिन डेपोच्या झाडांतून पळापळ, त्याच बुटांवर सायकल काढून येळ्ळूर. चंदगडकडची जांभ्याची तांबडी माती त्या कॅनव्हासच्या विणीत एकदा शिरली की आईने कितीही घासलं तरी जात नाही. मग सोमवारच्या प्रार्थनेआधी वरून पांढरा रंग फासला जातो. तळ पातळ रबराचा, खाचा नावाला, घोट्याला आधार शून्य. आजच्या कुठल्याही दुकानदाराने असा बूट डोंगरासाठी नालायक ठरवला असता. पण हे पोर डोंगरात आणि गल्लीत एकाच जोडीवर वावरतं, त्यामुळे डोंगर ही त्याच्यासाठी वेगळी गोष्ट नसते. आपण ट्रेकर आहोत हे त्याच्या गावीही नसतं.

पुढे कॉलेज आणि पहिली नोकरी. आधीच्या पिढीत इथे हंटर बूट येत, नंतर अ‍ॅक्शन ट्रेकिंगचा जमाना आला. काही शेकड्यांत मिळणाऱ्या त्या बुटावर सह्याद्रीत एक अख्खी पिढी हिंडली. त्याचं रबर ओल्या कातळावर पकड घेई, पण डिंकाचा भरवसा नसे, म्हणून नवा जोड घरी नेण्याआधी मोच्याकडे न्यायचा रिवाज पडला. आरीने तळाच्या कडेकडेने भोकं पाडून तो जाड नायलॉनचा दोरा ओढी, गाठ आतल्या बाजूला बसवी आणि ऐरणीवर ठेवून टाका ठोकून घेई. पावसाळी ट्रेकनंतर त्या बुटांत जुना तरुण भारत कोंबायचा, तास-दोन तासांनी भिजलेला कागद बदलायचा आणि शेगडीजवळ मात्र ठेवायचे नाहीत, कारण उष्णतेने चिकटवण सुटते. या वयातही दुसरा जोड घ्यायची ऐपत नसते. त्यामुळे शुक्रवारी ज्या बुटांवर कॉलेज, त्याच बुटांवर रविवारी कलानिधीगड. ते दीड-दोन वर्षांत झिजून मरत आणि ते मरण रास्त असे. हौसेच्या दृष्टीने भरभराटीचा काळ बहुधा हाच.

घसरण पगारवाढीबरोबर सुरू होते. आता पळायला एक जोड, कचेरीला एक, सायकलला एक आणि डोंगराला एक खास. खास म्हणजे चार-दोन ट्रेकच्या खर्चाइतक्या किमतीचा. तो बाजारहाटाला घालायचा जीव होत नाही, म्हणून खोक्यात जातो. खोकं कपाटावर जातं. आणि दोन पावसाळ्यांनी माळ्यावर. बुटांचे जोड वाढतात तसे डोंगरातले दिवस घटतात. या उलट्या प्रमाणात बुटांचा काही दोष नाही. ज्या गोष्टीला वेगळी जागा, वेगळा पोशाख आणि वेगळा मुहूर्त लागतो ती गोष्ट नोकरी, मुलांच्या परीक्षा आणि लग्नसराई यांच्या रेट्यात आधी मागे पडते, एवढाच याचा अर्थ.

यावर पहिला आक्षेप व्यवहारी माणसाचा. डोंगराच्या बुटांचं रबर मऊ असतं, डांबरावर ते भराभर झिजतं, खाचा सपाट होतात आणि ऐन उतारावर पाय सटकतो. मग रोज कशाला घालायचे? हे खरं आहे, आणि त्याला दोन उत्तरं आहेत. एक म्हणजे झिजलेली खाच डोळ्यांना दिसते. बूट उलटा केला की कळतं, आता तळ बदला नाहीतर जोड बदला. आतून कुजलेला थर मात्र बाहेरून ओळखू येत नाही. तो घरापासून पन्नास किलोमीटरवर, पावसात, परतीच्या वाटेवर दगा देतो. दिसणारा धोका न दिसणाऱ्या धोक्यापेक्षा केव्हाही परवडला. दुसरं असं की आपल्या रोजच्या डोंगरांना हिमालयातला जाड बूट लागतही नाही. सडा, मुरूम, जांभ्याचे खरबरीत दगड आणि पावसाळ्यात त्यावरचं शेवाळ, एवढंच भूगोलाचं मागणं. हलका, मध्यम किमतीचा, डांबर आणि पायवाट दोन्हींवर चालणारा एकच जोड त्याला पुरतो. पायातला एक किलो पाठीवरच्या पाच किलोंइतका भारी पडतो, असं गिर्यारोहकांत जुनं म्हणणं आहे, आणि उतारावर गुडघे दुखलेल्या कुणालाही ते पटेल.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे: साधनात कुचराई केली तर माणूस जिवाला मुकतो. याचा इतिहास ठसठशीत आहे. १९३५ मध्ये इटलीच्या आल्प्समध्ये पुंता रासिका शिखरावर वादळात सापडून सहा गिर्यारोहक दगावले. खडकावर चढताना त्यांच्या पायांत हलके बूट होते. हिमवादळात ते निकामी ठरले. त्या मोहिमेतून वाचलेल्या विताले ब्रामानी यांनी खिळे ठोकलेल्या जड बुटांना पर्याय म्हणून खोल खाचांचा रबरी तळ तयार केला आणि १९३७ मध्ये व्हिब्रम बाजारात आला. १९५४ मध्ये के-टू शिखर पहिल्यांदा सर करणाऱ्या इटालियन तुकडीच्या पायांत हेच तळ होते. बुटाने जीव वाचतो, यात वाद नाही. पण बुटाचा उपयोग पायाच्या तयारीइतकाच. न सरावलेल्या पायात उत्तम बूटही चावतो, टाचेला फोड आणतो, आणि उतारावर बोटं पुढे आपटून अंगठ्याची नखं काळी पडतात. संध्याकाळी पाय थोडे सुजतात तेव्हा बूट विकत घ्यावेत, नाडी घोट्यापाशी आवळून टाच मागे बसवावी, हे सगळं शिकता येतं. घोट्याचे स्नायू आणि तळव्याची कातडी मात्र वाचून तयार होत नाही. सुरक्षिततेचा मुद्दा रोजच्या वापराच्याच बाजूने पडतो.

तिसरा आक्षेप नेमका उलट टोकाचा. पारगडच्या पायऱ्या डोक्यावर ओझं घेऊन अनवाणी उतरणारी बाई बघा आणि हे बुटांचं कौतुक पुरे करा, असं म्हणणारे असतातच. या मुलखाला पायताणाची थोर परंपरा आहे, हेही खरं. निपाणीजवळच्या कापशीच्या चपला नावाजलेल्या. कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा महाराष्ट्रातल्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगावासह कर्नाटकातले चार जिल्हे त्यात आले. बाभळीची साल आणि हिरडा यांनी कमावलेलं कातडं, खिळा न वापरता चामडी वादीने घातलेले टाके. ही चप्पल पायाच्या घडणीप्रमाणे मऊ होत जाते. पण पाण्यात ती फुगते, टाके सैल पडतात, म्हणून पावसाळ्यात ती वळचणीलाच राहते. आणि अनवाणी पायाचं काव्य करू नये. त्या बाईला काटा टोचतो, जळवा लागतात, विंचू-सापाचं भय असतं. २०१६ मध्ये दोडामार्गात माकडतापाचे रुग्ण सापडले; तो ताप गोचिडीच्या चाव्यातून येतो, आणि रानात जायचं तर पाय झाकणं हा त्यावरचा पहिला उपाय आहे. ती अनवाणी चालते यात नेहमी आवड नसते. तिच्याकडून घ्यायची गोष्ट एकच: ती वाट तिची रोजची आहे, म्हणून पाय चुकत नाही.

चौथा आक्षेप मानी ट्रेकरचा. राजहंसगडावर वरपर्यंत गाडी जाते, ते काय गिर्यारोहण? खरा डोंगर हिमालय, बाकी फिरायला जाणं. याला महाराष्ट्राच्या गिर्यारोहणाचा इतिहासच उत्तर देतो. १९९८ मध्ये सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले, २०१२ मध्ये गिरिप्रेमी संस्थेची तुकडी पोचली. ही सगळी मंडळी सह्याद्रीत घडलेली. पाठीवर वजन घेऊन सिंहगडाची नित्य चढाई ही पुण्याच्या गिर्यारोहकांची जुनी तालीम आहे, आणि सिंहगडावरही गाडी जातेच. पैलवान कुस्ती मैदानात करतो, पण पैलवान होतो तो आखाड्यात, रोजच्या जोर-बैठकांनी. हिमालयाची मोहीम महिना-दीड महिन्याची. वर्षाचे बाकीचे दिवस घरच्याच डोंगराचे. जवळच्या जागी सगळेच गेले तर गर्दी आणि कचरा होईल, अशीही भीती घातली जाते. जुलैत आंबोलीच्या धबधब्यापाशी प्लास्टिकचा खच टाकणारे लोक पाहिले तर ते वर्षातून एकदा येणारे असतात. दर आठवड्याला त्याच वाटेने जाणारा माणूस पुढच्या आठवड्यात स्वतःलाच दिसेल असा कचरा टाकत नाही.

साठीनंतर पाऊल पसरतं, कमान बसते, जुना जोड घट्ट होतो आणि बुटांची संख्या पुन्हा एकावर येते. व्हॅक्सिन डेपोच्या झाडांखाली सकाळी फिरणाऱ्या ज्येष्ठांच्या पायांत एकच जोड असतो. त्यावरच बँक, भाजी, देऊळ. त्यांतला एखादा त्याच बुटांवर वैजनाथाचा डोंगर चढून येतो तेव्हा तरुणांना नवल वाटतं. त्यात नवल काही नाही, त्याचा डोंगर रोजच्या फेरीपासून कधी तुटलेलाच नसतो. नोकरीच्या वयातल्या माणसाला रोज गड चढता येणार नाही, हे उघड आहे. पण दुसऱ्या गेटापर्यंत चालत जाणं, लिफ्ट सोडून जिना घेणं आणि महिन्यातून दोन पहाटे राजहंसगडाला देणं कुठल्याही नोकरीत बसतं.

तेव्हा या आठवड्यात एवढंच करा. माळ्यावरचं खोकं खाली काढा. बूट हातात घेऊन तळ वाकवा, रबराच्या वरचा थर अंगठ्याने दाबा. भुगा सुटला किंवा भेग पडली तर मोह न धरता टाकून द्या आणि पुढचा जोड रोज घालता येईल असाच घ्या. थर अजून लवचीक असेल तर बूट परत खोक्यात ठेवू नका. तेच घालून संध्याकाळी भाजी आणायला जा.