घर पाहावे विकून

‘घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून’ असे आपले वाडवडील सांगून गेले. घर पाहावे राखून, आणि वेळ आलीच तर पाहावे विकून, ही पुढची वाक्ये त्यांनी जोडली नाहीत. जोडण्याचे त्यांना कारणही नव्हते. घर बांधणारा मनुष्य ते विकण्याचा विचार करीत नसतो. आणि ज्या काळी माजघरात तीस पानांची पंगत रोज बसत होती, त्या काळी घर राखावे कसे, हा प्रश्नही कोणास पडत नसे. ते प्रश्न आमच्या पिढीच्या वाट्याला आले. अंत्रुज महालातील आमचे वडिलोपार्जित घर २०१९ साली आम्ही विकले. तत्पूर्वी दोन वर्षे आम्ही त्याची दुरुस्ती करीत होतो. विकायचेच होते तर दुरुस्त कशाला केले, असे आम्हांला पुष्कळांनी विचारले. त्या प्रश्नाचे उत्तर, आणि त्या ओघात पदरी पडलेले थोडे व्यवहारज्ञान, वाचकांपुढे ठेवावे एवढाच या लेखाचा हेतू. अशी घरे आपल्याकडे गावोगाव आहेत, आणि त्यांचे वारस फोंड्यापासून बेळगाव-बडोद्यापर्यंत विखुरलेले आहेत.

घर जांभ्या चिऱ्यांचे होते. मध्ये राजांगण, त्यात तुळशीवृंदावन, भोवती चारी अंगांनी लाकडी खांबांच्या वसऱ्या, पूर्वेला देवघर, मागे माजघर आणि स्वयंपाकघर. गणपतीच्या खोलीत माटोळी बांधण्याची लाकडी चौकट छताला कायमची जडवलेली होती. चतुर्थीच्या पाच दिवसांत ते घर भरून वाहे. वर्षाचे उरलेले तीनशे साठ दिवस तेथे आमच्या धाकट्या काकी एकट्या दोन खोल्यांत राहत. बाकीच्या अकरा खोल्यांना कुलूप असे.

घरे पावसाने पडतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गोव्यात वर्षाला सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो, हे खरे. पण तोच पाऊस आमच्या पणजोबांच्या वेळीही पडत होता. फरक पडला तो निराळ्याच गोष्टीने. पूर्वी स्वयंपाकघरात दोन्ही वेळा चूल पेटे. तिचा धूर वाशांतून आणि कौलांच्या फटींतून बाहेर पडताना लाकूड कोरडे ठेवी आणि किडीला दूर राखी. रोज दारे उघडत, वारा आरपार जाई, भिंतींना उबारा मिळे. कोठे थेंब गळला तर त्याच रात्री तो कोणाच्या तरी अंथरुणावर पडे आणि दुसऱ्या दिवशी कौल बदलले जाई. कुलूपबंद खोलीत तो थेंब चार वर्षे एकाच वाशावर पडत राहिला तरी कळत नाही. वस्ती हीच घराची पहिली डागडुजी होय. ती थांबली की बाकीची सुरू करावी लागते.

दुसरे कारण अधिक नाजूक आहे. आपल्या देवस्थानांकडे पाहावे. त्यांची छपरे, दीपमाळा, तळ्या यांची निगा पिढ्यान्‌पिढ्या राहिली, कारण तेथे पाळी ठरलेली असते, वर्गणी ठरलेली असते आणि हिशेबाची वही महाजनांपुढे ठेवावी लागते. देवालयाच्या जीर्णोद्धाराला आम्ही सर्व भावंडांनी आनंदाने पैसे दिले होते. घराच्या जीर्णोद्धाराची गोष्ट निघाली की मात्र प्रत्येकजण दुसऱ्याच्या तोंडाकडे पाही. जे सर्वांचे, ते कोणाचेच नसते. मागील पडवी पडली तेव्हा आम्ही सतरा वारस होतो, आणि तिच्यावरची कौले कोणी उतरवून ठेवावीत, हे ठरवायला आम्हांला एक पावसाळा लागला.

विकण्याचा विषय निघाला तो त्या पडवीनंतर. मुंबईच्या चुलतभावांना पैशांची निकड होती, एका बहिणीला घर जावे हे मुळीच मान्य नव्हते, आणि थोरल्या वहिनी देवाला विचारल्याशिवाय सही करणार नव्हत्या. शब्दाने शब्द वाढत होता. काकी एवढा वेळ सुपारी कातरीत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “घर विकपाचें आसल्यार विकात, पुण गळटें घर कोणाच्या माथ्यार मारूं नाकात.” आणि मग, जणू हिशेब पुरा करावा तशा, “आनी म्हाका खंय व्हरतले तें पयलीं सांगात.” त्या दोन वाक्यांनी बैठकीचा रंग पालटला. काकींनी फोंड्याला थोरल्या दादांकडे राहावे, आणि घर आधी धड करावे, मग त्याचे काय ते ठरवावे, असे ठरले. तीन वर्षे न ठरलेली वर्गणी त्या दिवशी ठरली.

दुरुस्तीचा क्रम आम्हांला एका वृद्ध मेस्ताने घालून दिला. आधी डोके, मग पाय, मग अंग. डोके म्हणजे छप्पर. मंगळुरी कौलांचा कारखाना बासेल मिशनने मंगळुरात १८६५ साली काढला, आणि पुढे त्या कौलांनी साऱ्या किनाऱ्यावरील घरांचे रूप बदलून टाकले. हे भाजलेले कौल शतकभर टिकते. कुजतात त्या त्याखालच्या रिपा आणि वाशांची टोके. म्हणून कौले उतरवून, घासून, वाजवून पाहावीत. खणखणीत वाजणारे ठेवावे, बद्द वाजणारे टाकावे. आमची दहांतली आठ कौले पुन्हा चढली. वाशांची भिंतीत गेलेली टोके आम्ही उघडी करून पाहिली. कुजलेली कापून तेथे सांधे दिले, आणि सांध्यांना काजूच्या टरफलांचे काळे तेल पाजले. वाळवीवर हे आपल्याकडचे जुने औषध आहे. मात्र ते कातडीला लागले तर फोड येतात, म्हणून हात झाकून वापरावे.

पाय म्हणजे जोत्याभोवतीचे पाणी. पागोळ्यांचे पाणी भिंतीच्या बुडाशी मुरत होते. आम्ही घराभोवती दोन हात रुंदीची चिऱ्यांची उतरती फरसबंदी केली आणि बुजलेले गटार उपसले. साऱ्या कामात हे सर्वांत स्वस्त आणि सर्वांत गुणकारी ठरले.

अंग म्हणजे भिंती. जांभा दगड खाणीतून काढताना मऊ असतो आणि हवेने टणक होतो. पण तो सच्छिद्र आहे. पाणी पितो आणि सोडतो. शिंपल्यांच्या चुन्याचा गिलावा त्याला श्वास घेऊ देतो. सिमेंटचा गिलावा बाहेरून बळकट दिसतो आणि आतल्या ओलीला कोंडून ठेवतो. आमच्या उत्तरेच्या भिंतीला मागे कधीतरी सिमेंट लावले गेले होते. आतल्या बाजूचे पोपडे त्याचेच फळ. तो गिलावा खरवडून भिंत कार्तिकापासून वैशाखापर्यंत उघडी सुकू दिली, आणि मग एक भाग भिजवलेला चुना व तीन भाग वाळू असा गिलावा चढवला. घाईने रंग देऊन ओल झाकणाऱ्यांना एवढेच सांगावेसे वाटते की, पहिल्या श्रावणात ती पुन्हा बोलू लागते.

पिंपळाचीही एक गोष्ट सांगितली पाहिजे. पक्ष्यांनी टाकलेल्या बीजातून भिंतीच्या सांध्यात पिंपळ उगवतो, आणि आपल्या लोकांचा हात त्यावर चालत नाही. भक्तीचा तो संकोच मुळांना कळत नाही. पाच वर्षांत ती चिरा दुभंगतात. रोप दोन पानांचे असतानाच ते मुळासकट काढून मोकळ्या जागी लावावे. झाडही वाचते आणि भिंतही.

घराइतकीच कागदांचीही डागडुजी करावी लागते, हे आम्हांला दुसऱ्या वर्षी कळले. गोव्यात १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता १८७० पासून लागू झाली आणि मुक्तीनंतरही कौटुंबिक बाबतीत तिची तत्त्वे चालू राहिली. मुलगी आणि मुलगा यांचा वारसा समान. वेगळा करार न करता लग्न झाले असेल, तर पती-पत्नी एकमेकांच्या मिळकतीत निम्म्याचे धनी. म्हणून स्थावर विकताना दोघांच्याही सह्या लागतात. आम्ही वारस सतरा, पण सह्या एकतीस लागल्या. पन्नास वर्षांपूर्वी लग्न होऊन गेलेल्या आत्यांची मुले त्यांत होती. घराशी आपला संबंध उरला आहे, हेच त्यांतल्या काहींना ठाऊक नव्हते. वारसा आणि वाटणीचा नवा गोव्याचा कायदा २०१२ चा. तो २०१६ पासून अमलात आहे. वारसांत एकमत असेल तर खास नोटरीपुढे वारसाचा दस्त करता येतो. नसेल तर न्यायालयात इन्व्हेंटरी घालावी लागते, आणि तीत वारसच आपसांत बोली लावतात. परक्याला हिस्सा विकण्यापूर्वी सहहिस्सेदाराचा हक्क आधी असतो, हेही ध्यानात ठेवावे. एक-चौदाचा उतारा, घरपट्टीच्या पावत्या, जुन्या नोंदणीचे पोर्तुगीज दाखले आणि बोजा नसल्याचा दाखला एका फडक्यात बांधून ठेवावा. गिऱ्हाईक आल्यावर हे शोधू लागलो की भाव आपोआप उतरतो.

आवाराच्या टोकाला एका मुंडकार कुटुंबाचे घर होते. ते तीन पिढ्या तेथे नांदत होते आणि आमच्या माडांची राखण करीत होते. १९७५ च्या मुंडकार कायद्याने राहते घर विकत घेण्याचा हक्क अशा कुटुंबांना दिला आहे. त्यांचे काय ते नव्या मालकाने पाहावे, असा सल्ला आम्हांला काहींनी दिला. आम्ही त्यांची जागा आधी मोजून त्यांच्या नावे करून दिली. तसे केल्याने आमची जमीन थोडी घटली. पण वादाचे मूळ राहिले नाही, आणि काकींना त्या दारावरून जाताना मान खाली घालावी लागली नाही.

आता देवांचा प्रश्न. वास्तू सोडताना देव हलवावेत काय, या शंकेने आपल्यापैकी अनेकांची झोप उडते. या बाबतीत आम्हांला आधार मिळाला तो आपल्याच इतिहासाचा. कुशस्थळीचा मंगेश १५६० साली झुवारी ओलांडून प्रियोळात आला. केळशीची शांतादुर्गा कवळ्यास आणि वेर्ण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली, तीही त्याच शतकातील संकटात. ज्या देवांची आपण कुळे, त्यांनीच एकदा घर सोडले आहे, आणि सोडल्या जागी त्यांचे देवपण राहून गेले असे कोणी म्हटले नाही. महाजनकीही कुळाकडून येते. ती घराच्या उंबऱ्याला बांधलेली नसते. तरीही थोरल्या वहिनींच्या शब्दाप्रमाणे आम्ही देवीपुढे गेलो, पाकळ्या लावल्या, आणि कौल मागितला. छपराच्या कौलांत दोन वर्षे घालवल्यावर या दुसऱ्या कौलासाठी उभे राहताना आमच्या मनाची जी स्थिती होती ती सांगता येत नाही. उजवी पाकळी पडली. वहिनींनी पदर सावरला आणि सही कोठे करायची ते विचारले. नको म्हणणारी आमची बहीण त्या दिवशी काही बोलली नाही. पण नंतर तिनेही सही केली.

विक्रीविषयी थोडे. दुरुस्तीपूर्वी जी गिऱ्हाइके आली, त्यांनी जमिनीचा भाव केला आणि घर पाडण्याचा खर्च त्यातून वजा घातला. काहींना नुसते खांब, दारे आणि कोरीव चौकटी हव्या होत्या. असे सुटे विकणाऱ्याचे घर आधी दात काढलेल्या तोंडासारखे होते आणि मग त्याला कोणी विचारीत नाही. घर सगळे विकावे, सुटे विकू नये. आणि ते भर पावसात दाखवावे. आमचे घर घेतले ते शहरातील धावपळीला कंटाळलेल्या एका कुटुंबाने. ते पहिल्यांदा आले तेव्हा आषाढाची झड लागली होती. गृहस्थांनी तासभर माना वर करून सर्व खोल्यांची छपरे पाहिली. त्यांच्या आईंनी मात्र एकच विचारले, चूल पेटवता येईल अशी जागा आहे ना. दुरुस्तीला लागलेला पैसा भावात भरून निघाला, वर काही उरलाही. पण एकतीस माणसे एका टेबलाशी बसून, कोणावर न रागावता, उठून गेली, ही खरी मिळकत.

आमची चतुर्थी आता फोंड्याला दादांच्या सदनिकेत होते. माटोळी लोखंडी चौकटीला बांधतात. नारळ, सुपारीचे घोस आणि मावळिंगे तीच असतात, पण जागेच्या मानाने थोडी. काकी तिच्याकडे पाहतात आणि काही म्हणत नाहीत. दुःख झाले नाही असे म्हणणे खोटे होईल. मात्र जे गेले ते उभे असताना गेले, आणि आजही संध्याकाळी तेथे दिवा लागतो.

ज्यांची घरे अजून त्यांची आहेत, त्यांना आमचे सांगणे थोडके आहे. दर वर्षी अक्षय्यतृतीयेपूर्वी घराची वर्गणी गोळा करावी. हिश्शाप्रमाणे नव्हे, तर ऐपतीप्रमाणे. कौले कोणी पाहावीत, गटार कोणी उपसावे, कुलपे उघडून दर पंधरवड्याला वारा कोणी आत घ्यावा, याच्या पाळ्या लावाव्यात आणि देवस्थानासारखी वही ठेवावी. वृद्ध माणसे हयात आहेत तोवर आत्या-बहिणींच्या मुलांची नावे आणि पत्ते लिहून घ्यावेत. मग घर राखायचे की विकायचे हा निर्णय तुमचा राहील. नाहीतर तो वाळवी घेते.