आम्ही, आपण आणि गॅलरी

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही की या गावातले फुटबॉलचे संघ तालमींच्या नावाने खेळतात. तालीम म्हटले की लाल माती, लंगोट आणि जोर-बैठका आठवाव्यात. पण इथे पाटाकडील तालीम मंडळ, दिलबहार तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, बालगोपाल तालीम मंडळ ही नावे फुटबॉलच्या गुणतक्त्यात असतात. 'तालीम' हा मुळात अरबी शब्द, अर्थ शिक्षण. मराठीत येऊन तो नाटकाच्या सरावालाही लागला आणि कुस्तीच्या आखाड्यालाही. चेंडूमागे धावण्याचे त्याला काही वावडे नसावे. राजर्षी शाहूंनी कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागचे मैदान बांधून झाले, आणि पेठेपेठेतली तालीम ही व्यायामाइतकीच बैठकीची, सणावाराची, भांडणे लावण्याची व मिटवण्याची जागा होऊन बसली. पुढे फुटबॉल रुजला तेव्हा पेठेला नवी संस्था काढावी लागली नाही.

आम्ही दोघेही मराठी शिकवतो. आमच्यापैकी एकाचे घर शिवाजी पेठेतले, एकीचे माहेर मंगळवार पेठेतले. हा तपशील अन्यत्र क्षुल्लक ठरेल. कोल्हापुरात तो लग्नपत्रिकेत छापण्याजोगा आहे. गेली अनेक वर्षे आम्ही उपनगरातल्या सदनिकेत राहतो, जिथे पेठ नाही आणि त्यामुळे संघही नाही. पाचवीतला मुलगा इंग्लंडातल्या क्लबांचे राखीव खेळाडूही नावानिशी सांगतो. यंदा आजोबांनीच आग्रह धरला की मुलांना एकदा शाहू स्टेडियमवर न्यायचेच. मुलाने विचारले, ही लीग कितव्या पायरीवरची? आम्ही शिक्षकी पेशाला जागून समजावले : वर देशपातळीवरच्या स्पर्धा, त्यांच्या खाली राज्याच्या, आणि त्याहून खाली कोल्हापूर स्पोर्ट्‌स असोसिएशनची ही जिल्ह्याची लीग. "म्हणजे खूपच खाली," मुलगा म्हणाला. आजोबा म्हणाले, "खाली का वर मला कळत न्हाई. चपला घाल."

स्टेडियम आहे तिथे पूर्वी रावणेश्वराचे तळे होते. वरुणतीर्थाचे गांधी मैदान झाले, कपिलतीर्थावर मंडई बसली, तसे हेही. त्या बुजलेल्या तळ्याभोवतीच्या पायऱ्यांवर दुपारच्या उन्हात माणसे दाटीवाटीने बसतात. सामना शिवाजी पेठेतल्या एका आणि मंगळवार पेठेतल्या एका संघाचा होता. नावे सांगत नाही. दोन्हीकडे आमचे आप्त आहेत आणि निकाल एकाच बाजूचा लागला. समर्थकांच्या जागा ठरलेल्या असल्याने, कुटुंबाने कुठे बसायचे हा प्रश्न आमच्या संसारात प्रथमच इतक्या उघडपणे उपस्थित झाला. आजोबांनी तो शिवाजी पेठेच्या बाजूला चालायला लागून सोडवला.

मराठीच्या वर्गात आम्ही दरवर्षी एक गोष्ट हौसेने शिकवतो. हिंदीचे एका 'हम'वर भागते. मराठीला 'आम्ही' आणि 'आपण' असे दोन शब्द लागतात. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवून बोलायचे तर 'आम्ही', आत घेऊन बोलायचे तर 'आपण'. गॅलरीत हा नियम फळ्यावरच्यापेक्षा कितीतरी जिवंत दिसतो. हलगी कडाडत होती, आणि आमच्या पुढच्या पायरीवरचे एक गृहस्थ (वय सत्तरीचे, डोक्यावर टोपी, मुठीत फुटाणे) प्रत्येक चालीवर ओरडत होते, "आपला पोरगा हाय त्यो, सोडायचा न्हाई!" आपला पोरगा म्हणजे हंगामापुरता करारावर आलेला आफ्रिकेतला खेळाडू. भाषा येत नाही, पेठ ठाऊक नाही, तरी तो 'आपला'. आम्हाला क्षणभर गहिवरून आले. मग प्रतिस्पर्धी संघातल्या तशाच एका खेळाडूकडे चेंडू गेला आणि त्याच तोंडून त्याच्या रंगावरून जे निघाले ते इथे लिहिण्यासारखे नाही. नामदेव ढसाळांचा 'गोलपिठा' १९७२ साली प्रकाशित झाला, आणि शिवीला साहित्यात काय काम असते हे आम्ही एम.ए.च्या वर्गात न अडखळता सांगतो. पण ती शिवी वरून खाली मारलेल्या लाथेचा हिशोब मागते; ही नुसती लाथच होती. मुलगा हसला, कारण सगळे हसले. त्याला तिथल्या तिथे काय सांगावे हे सुचेपर्यंत गोल झाला आणि सगळे उभे राहिले.

याच मैदानांवर वाढलेला अनिकेत जाधव २०१७ साली सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला, तेव्हा त्याची पेठ कोणती हे न विचारता साऱ्या कोल्हापूरने त्याला 'आपला' म्हटले. अर्थात असे दिवस थोडे. एरवी हुल्लडबाजीमुळे सामने थांबवावे लागल्याच्या बातम्याही आपल्याच.

नववीतली मुलगी हा वेळपर्यंत गप्प होती. शाळेच्या संघात ती डाव्या बाजूने खेळते. आमच्या आसपासच्या शेकडो माणसांत बायका बोटांवर मोजण्याइतक्या होत्या, हे तिने आमच्या आधी मोजले असावे. मध्यंतरात तिने आजोबांना विचारले, "आबा, आपल्या तालमीत मुलींची टीम हाय?"

आजोबा म्हणाले, "तालमीत बायका जात न्हाईत बाळ. पयल्यापास्नं."

"पण मी खेळतो की."

कोल्हापूरच्या मुली 'मी आलो', 'मी जातो' असेच म्हणतात. पुण्याहून आलेले परीक्षक याला अशुद्ध म्हणतात आणि आम्ही दरवेळी वाद घालतो. त्या दिवशी मात्र ते क्रियापद कानाला वेगळे लागले. बोलीने तिला केव्हाच आत घेतले होते. वाक्यात ती भावाइतकीच, आजोबांइतकीच खेळत होती. शहरात मुली फुटबॉल खेळतात, चांगल्या खेळतात. तेव्हा प्रश्न खेळाचा नव्हता. तो तिने उच्चारलेल्या 'आपल्या' या शब्दाचा होता. आमच्यापैकी एकीने तेव्हाच सांगून टाकले की माहेरच्या तालमीचा उंबरा तिनेही कधी ओलांडलेला नाही, आणि इतक्या वर्षांत हे आपल्याला कोणी विचारलेही नाही. दुसऱ्याला ती गोष्ट तिथे, पायरीवर बसून, पहिल्यांदा कळली.

उत्तरार्धात आजोबांचे लक्ष खेळावर नव्हते. आपल्या बाजूचा फटका खांबाला लागून परतला तरी ते उठले नाहीत. सामना संपायच्या सुमारास त्यांनी शेंगदाण्यांची पुडी नातीकडे सरकवली आणि मैदानाकडेच बघत म्हणाले, "सोमवारी इचारतो."

त्याला आता तीन सोमवार झाले. ती रोज संध्याकाळी फोनवर पहिला प्रश्न तोच विचारते, आणि आजोबा तिला शिवाजी पेठेचा पुढचा सामना कधी आहे ते सांगतात.