चार ओळी वगळताना

भिलाईच्या मरोदा सेक्टरात राहणाऱ्या आमच्या एका मराठी स्नेह्यांचा मुलगा आभासीकरणाच्या आज्ञावलीवर काम करतो. एकाच यंत्रावर अनेक कार्यप्रणाली नांदवायच्या आणि प्रत्येकीला सारे यंत्र आपलेच आहे असे भासवायचे, हे तिचे कार्य. लिनक्समध्ये २००७ साली समाविष्ट झालेला केव्हीएम हा भाग याच जातीचा.

मध्यंतरी त्याने चार ओळी वगळण्याचा प्रस्ताव पाठविला. तीच तपासणी आधी एकदा होते, तेव्हा दुसरी निरर्थक, असे त्याचे म्हणणे. तपासनिसाने दोन शेरे मारून प्रस्ताव परत केला. नावांतील बदल आणि ओळी वगळणे हे स्वतंत्रपणे मांडावे, हा पहिला. दुसरा प्रश्नरूप होता : चालू आभासी संगणक एका यंत्रावरून दुसऱ्यावर हलविताना पहिली तपासणी होते काय? ती होत नव्हती. त्या वाटेवर बाहेरून येणाऱ्या माहितीला अडविणारी एकच चौकी होती, आणि ती म्हणजे या चार ओळी.

“काका, चार ओळींसाठी एवढा खल?” तो म्हणाला. मला मात्र ते शेरे फार ओळखीचे वाटले. लिनक्समध्ये २००४ पासून प्रत्येक बदलाखाली पाठविणाऱ्याचे नाव प्रमाणपत्रासारखे नोंदले जाते. तपासणाऱ्याचेही नोंदता येते. आपल्या नस्तीवरील स्वाक्षऱ्यांचा हेतू याहून निराळा नाही.

मग जुन्याला हातच लावू नये काय? तेही घातक. क्यूईमू या आज्ञावलीत फ्लॉपी चालविणारा भाग २००४ पासून होता. फ्लॉपी काळाआड गेली, तो भाग राहिला. मे २०१५ मध्ये त्यातील ‘व्हेनम’ नावाचा दोष उघडकीस आला. आभासी संगणकातून मूळ यंत्रात शिरण्याची वाट त्यातून मिळू शकत होती. फ्लॉपीची सोय बंद ठेवली तरी काही ठिकाणी धोका टळत नव्हता.

प्रशासनाने या पेचावर जुनाच तोडगा काढला आहे. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाचे सहावे कलम सांगते की, वेगळा उद्देश दिसत नसेल तर, कायदा निरसित झाला तरी त्याखाली प्राप्त झालेले हक्क आणि अंगावर आलेली दायित्वे नष्ट होत नाहीत. १ नोव्हेंबर २००० रोजी छत्तीसगढ अस्तित्वात आले तेव्हाही मध्य प्रदेशचे कायदे एका फटक्यात पुसले गेले नाहीत. ते येथे चालू राहिले आणि त्यांत आवश्यक ते अनुकूलन करण्याची मुभा राज्याला मिळाली.

म्हणून साफसफाईची नस्ती समोर आली की मजकूर किती सुटसुटीत झाला, हे मी शेवटी पाहतो. वगळल्या जाणाऱ्या ओळीच्या आधाराने कोण उभे आहे, हे आधी विचारतो. त्याचे उत्तर टिप्पणीत लिहिलेले असले, तर स्वाक्षरीस विलंब करण्याचे कारण उरत नाही.

त्या मुलाने सुधारित प्रस्ताव पाठविला. नावे बदलली, चार ओळी राहिल्या, आणि त्या का आहेत हे सांगणारी पाचवी त्यांच्यावर आली.