टाच खाली

घोडा आणि टाच म्हटलं की आपल्याला ऐतिहासिक कादंबरीतला टाच मारून भरधाव निघालेला स्वारच आठवतो. माझा टाचेशी संबंध आला तो मात्र समुद्रात. आम्ही मुरुडचे, दापोलीजवळच्या. पुळणीवर पर्यटकांना फिरवणारी घोडी गावात खूप नंतर आली. आम्हाला लहानपणी शिकायला मिळालं ते होडीत उभं राहायला. हर्णैच्या मोठ्या बोटी खोल पाण्यात नांगरलेल्या असत, तिथवर छोट्या होडीतून जायचं. लाट आली की गुडघे सैल सोडायचे, भार टाचांवर घ्यायचा आणि नजर लांब ठेवायची. पायांकडे बघणाऱ्याला तांडेल हमखास खाली बसवायचा.

पुढे पशुवैद्यक शिकायला परळला गेलो. कॉलेज 1886 सालचं, मुंबईतलं. पण तेव्हा ते आमच्या दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या अखत्यारीत होतं, याचा मला उगाचच अभिमान वाटे. तिथे एनसीसीचं रिमाउंट आणि व्हेटर्नरी पथक होतं आणि पथकाची घोडी होती. घोडेस्वारी शिकवणाऱ्या उस्तादांचं हिंदी फौजी. दिवसभरात त्यांच्या तोंडून सर्वांत जास्त निघायचं ते ‘हील डाऊन’, म्हणजे टाच खाली. दुडकी असो, दौड असो, आधी हील डाऊन.

उडी शिकवायची वेळ आली तेव्हा त्यांनी ओलांडायची आडवी काठी लावलीच नाही. रिकिबीचे पट्टे दोन भोकं वर घेतले आणि घोडा लांब दोरीवर गोल फिरवायला लावला. लगाम गाठ मारून मानेवर, आमचे हात आडवे पसरलेले, बूड खोगिरापासून जेमतेम उचललेलं. रिकीब चवड्याखाली, टाच तिच्याहून खाली. अशा वेळी पोटऱ्यांची शीर ताणली जाते आणि दुडकीचा प्रत्येक हिसका घोट्यात जिरतो. टाच वर गेली की गुडघा आवळतो, पोटरी मागे सरकते आणि स्वार पुढे घोड्याच्या मानेवर कोसळतो. शिकाऊ माणसाला वाटतं, आपली पाठ चुकते आहे. बहुतेक वेळा चूक घोट्याशी असते.

उडीत स्वारानं पुढे झेपावायचं नसतं, हेही तिथेच कळलं. घोडा वर येतो आणि स्वार कमरेत मिटतो, एवढंच. हात घोड्याच्या तोंडाच्या दिशेनं पुढे जातात, कारण उडीत त्याला मान लांब करायची असते. हे आज सगळे मानतात, पण शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी युरोपातले भलेभले स्वार उडी मारताना लांब रिकिबीत पाय पुढे टाकून मागे रेलत आणि लगाम ओढत. इटलीच्या घोडदळातल्या फेदेरिको काप्रिल्ली या अधिकाऱ्यानं (1868–1907) स्वाराशिवाय उडी मारणारे घोडे निरखले आणि सगळी बैठकच बदलली: रिकीब आखूड, भार पुढे, घोड्याला मोकळीक. वरिष्ठांना ते सुरुवातीला रुचलं नाही. नंतर पिनेरोलोच्या घोडदळ शाळेत तेच शिकवू लागले आणि तिथून ते जगभर गेलं.

मला त्याचं म्हणणं पूर्ण पटलं ते डॉक्टर झाल्यावर. उभ्या घोड्याचा साठ टक्क्यांच्या आसपास भार पुढच्या पायांवर असतो. शेवटच्या बरगडीमागे कंबरेला खालून बरगड्यांचा आधार नाही. उडीनंतर स्वार धपकन बसतो तो नेमका तिथल्या स्नायूंना जाचतो. घोड्याच्या तोंडात लगामाचं कडियाळ जिथे बसतं तिथे दात नसतात. हाडावर हिरडीचा पातळ थर तेवढा. त्यावर तोल सावरण्यासाठी लगामाचा हिसका बसला, की दोन-चार दिवसांत घोडा काठीसमोर अडतो. मालक सांगतात, घोडा बिघडला. मी घोड्याची पाठ दाबून बघतो आणि मग स्वाराला म्हणतो, जरा चढा बघू. निम्म्याहून जास्त वेळा आजार खोगिराच्या वरच्या बाजूला सापडतो.

हल्ली काठी उंच करायची फार घाई असते. फोनवर व्हिडिओ चांगला येतो म्हणून आठ-दहा तासांच्या शिक्षणावर मुलांना तीन फुटांवर नेतात. मला हे साफ नापसंत आहे. जमिनीवर साधारण साडेचार फुटांच्या अंतरानं मांडलेल्या चार काठ्या दुडकीत, बूड उचलून, लगामाला न लोंबकळता पार होत नाहीत, तोवर उडी कसली?

तेव्हा मुलांना उडी शिकायला घालणार असाल, तर काठी किती उंच लावता, हे विचारू नका. रिकीब आणि लगाम काढून दोरीवर किती दिवस फिरवता, ते विचारा. आणि पहिल्या उड्यांना धरायला घोड्याच्या मानेत पट्टा असतो की नाही, तेही स्वतः जाऊन बघा. नसेल, तर दुसरी जागा शोधा.