तिसरा

कापश्या गेल्या महिन्यात गेला. लेकीने विचारलं, “बाबा, आपण आधी दोनच का आणले होते?” माझ्या त्या हट्टाबद्दल घरात कुणी बोलत नाही, म्हणून तिला माहीत नव्हतं.

न्यूझीलंडमध्ये, वायकाटोत, आम्ही अडीच एकरांचं घर घेतलं तेव्हा गवत खायला कुणीतरी हवं होतं. गाय आम्हाला झेपली नसती. अल्पाका मऊ तळव्यांचे, त्यांच्या पायांनी जमीन उखडत नाही. विकणारी बाई म्हणाली, “तीन न्या. कळपातलं जनावर आहे. दोनातला एक गेला तर उरलेल्याचं काय?” जास्तीचं जनावर गळ्यात मारायचा डाव, असं मला वाटलं. मी दोनच घेतले. पांढरा कापश्या आणि तांबूस गुळ्या.

त्याच महिन्यात आई साताऱ्याहून सहा महिन्यांसाठी आली. बाबांना जाऊन वर्ष व्हायचं होतं. आम्ही दोघं कामावर, लेक शाळेत. दिवसभर आई आणि ते दोघे. सगळी लीद एकाच कोपऱ्यात टाकतात, याचं तिला फार कौतुक. “मोजे कुठे टाकायचे ते तुला अजून कळत नाही,” असं मला ऐकवायची.

अल्पाका सहसा ओरडत नाहीत, नाकातल्या नाकात ‘म्म्म’ करतात. आई कुंपणाजवळ तांदूळ निवडत बसायची आणि गावाकडचं काहीबाही सांगायची. ते मान लांब करून ‘म्म्म’ म्हणायचे. “हे हुंकार देतात,” आई म्हणायची. “तुम्ही फोनमध्ये बघत ‘हं’ म्हणता, तसं नाही.”

मार्चमध्ये गुळ्या गेला. उन्हाळा सरता सरता दमट उबेत वाळक्या गवतावर बुरशी धरते. त्या बुरशीने होणाऱ्या आजाराच्या नावात चेहरा आहे, पण घाव यकृतावर बसतो. शेजाऱ्याने बजावलं होतं, मी ‘बघू’ म्हटलं होतं. ही जनावरं दुखणं अंगावर काढतात, दाखवत नाहीत. एका सकाळी तो उठलाच नाही. लेक शाळेतून यायच्या आत सगळं उरकायचं म्हणून मी खड्डा खणून घेतला आणि दुपारच्या आत त्याला पुरलं. कापश्या तेव्हा पलीकडच्या तुकड्यात बंद होता.

“त्याला बघू तरी द्यायचंस,” आई म्हणाली. मी उत्तर दिलं नाही.

अंधार पडला तसा कापश्याने सूर धरला. कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचा, थांबायचा, ‘म्म्म’ करायचा, कान टवकारून वाट बघायचा आणि पुन्हा चालू लागायचा. मी खिडकी लावून घेतली. जनावर आहे, सकाळपर्यंत गप्प होईल, असं बायकोला म्हणालो. ती काही बोलली नाही.

दोन वाजता पाणी प्यायला उठलो तर आईची खोली उघडी. ती बाहेर होती. प्लॅस्टिकची खुर्ची, अंगावर बाबांची शाल, पाय दवाने ओले. कापश्या ‘म्म्म’ म्हणायचा आणि थोड्या वेळाने आई “हं” म्हणायची.

“आई, आत चल. गारठशील.”

“तू झोप जा. मला सवय आहे.”

कसली सवय, ते मी विचारलं नाही. उत्तर माहीत होतं म्हणूनच विचारलं नाही. आत येऊन पडलो. पहाटे पाहिलं तर कापश्या तारेला अंग लावून, पाय मुडपून बसला होता आणि तारेच्या अलीकडे आई खुर्चीत मान टाकून झोपली होती. त्याच दिवशी जाऊन मी आणखी तीन आणले. पैशांचं नावही काढलं नाही.

या वेळी, कापश्या गेला तेव्हा, त्याला संध्याकाळपर्यंत जागेवरच ठेवलं. तिघे येऊन त्याला हुंगून गेले, मग जवळच चरत राहिले. रात्री आईला फोन केला. तिने एवढंच विचारलं, “एकटा होता का रे?”

“नाही. तिघे जवळ होते.”

“मग बरं.”

आई साताऱ्याच्या घरात एकटी राहते. मी दर रविवारी फोन करतो.