पैसे आहेत, संध्याकाळ नाही

खेळावर पैसे घालवणाऱ्याला आपल्याकडे कधीच मान नाही. लग्नात हजारो उधळा, लोक वाहवा करतील. खेळावर चार पैसे खर्चा, की 'वय काय, करतो काय!' हे ठरलेलेच. तेव्हा लोकांनी व्हिडिओ गेमवर हात आखडता घेतला, हे ऐकून पुष्कळ वडीलधाऱ्यांना बरे वाटेल. मला मात्र वाटले नाही.

२०२० साली टाळेबंदीने जगाला घरात कोंडले, तेव्हा या धंद्याला भरती आली. २०२२ मध्ये, दारे उघडल्यावर, ओहोटी लागली. कारणे उघड आहेत. अमेरिकेत ६० डॉलरला मिळणारे मोठे खेळ २०२० पासून ७० डॉलरला जाऊ लागले. २०२५ मध्ये 'मारिओ कार्ट वर्ल्ड' ८० डॉलरला आला. इकडे 'फोर्टनाइट' २०१७ पासून फुकट! शेजारी फुकट पंगत बसली असताना खानावळीत पैसे मोजायला कोण जाईल? त्या पंगतीत मिठाचे पैसे वेगळे पडतात, हा भाग निराळा. शिवाय नव्या खेळाला जुन्याचीच सवत. 'ग्रँड थेफ्ट ऑटो ५' हा २०१३ सालचा. २० कोटींवर प्रती खपल्या, तरी लोक अजून त्यातच रमतात.

पण खरे कारण मला माझ्या भाच्याने सांगितले. शाळेत असताना खाऊचे पैसे साठवून खेळ घेणारा हा मुलगा आता चांगला मिळवता आहे. मी विचारले, "का रे, यंदा नवा खेळ नाही घेतलास?"

"मामा, घेतलेले तीन तसेच पडलेत. पैसे आहेत हो, संध्याकाळ नाही."

रात्री नऊला तो घरी येतो. जेवून आडवा होतो आणि झोप येईपर्यंत फोनवर अर्ध्या अर्ध्या मिनिटाची चित्रे सरकवतो. खेळायला मनाची उभारी लागते. सरकवायला अंगठा पुरतो.

नव्वदच्या दशकात आमच्या बिऱ्हाडात मारिओची एक कॅसेट होती. मुले सहा, हातात धरायचे यंत्र एक. एकाचा मारिओ खड्ड्यात पडल्याखेरीज दुसऱ्याची पाळी नाही! खर्च थोडा, संध्याकाळ भरपूर.

यंदा भाऊबीजेला बहिणीकडे जाईन, तेव्हा भाच्यासाठी नवा खेळ नेणार नाही. त्या तिघांतलाच एक उघडायला लावीन. मला खेळता येत नाही. पण पाळीची वाट पाहत शेजारी बसता येते.