उदगीरच्या वाटेवर

लातूरहून नळेगावमार्गे उदगीरला निघाले की दिवाळीच्या सुमारास दोन्ही अंगांना तूर उभी दिसते. सोयाबीन निघालेले असते, काळी राने हरभऱ्याची वाट पाहत असतात. देवणी बैल पाहावेत ते याच मुलखात. आणि उदगीरचा किल्ला! 1760 साली सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमवले ते इथे.

हा किल्ला सौ.ला दाखवायचा म्हणून गेल्या दिवाळीत आम्ही निघालो. मोटार 2008 सालची. निघायला उशीर झाला, नेहमीप्रमाणे माझ्यामुळेच. उदगीर पाच-सहा किलोमीटरवर असताना अंधार पडला. मोंढ्याकडे सोयाबीन घेऊन निघालेली ट्रॉली रस्त्यातच उभी होती. मागे दिवा नाही, रेडियमची लाल पट्टी नाही. ब्रेक दाबेपर्यंत गाडी जाऊन आदळली.

पुढचा भाग पत्र्याच्या डब्यासारखा चेपला. माझा पट्टा लावलेला होता. सौ.ने ‘आलंच की गाव’ म्हणून नुकताच सोडला होता. तिचा हात मोडला, कपाळाला सात टाके पडले. एअरबॅग त्या गाडीत नव्हतीच. चालकासाठी ती सर्व नव्या मोटारींत सक्तीची झाली 2019 साली. 2014 मध्ये ग्लोबल एनकॅप या संस्थेने आपल्याकडच्या पाच लहान मोटारी धडकवून पाहिल्या, तेव्हा पाचांनाही शून्य तारे मिळाले होते. ती बातमी वाचून मी पान उलटले होते.

पुढे विम्याचे. पाच वर्षांवरील गाडीची किंमत मालक व कंपनी मिळून ठरवतात. हप्ता कमी बसावा म्हणून मीच ती 80 हजार लावून घेतली होती. गॅरेजवाल्याने खर्च 68 हजार सांगितला. दुरुस्ती किमतीच्या पाऊणपटीवर गेली की गाडी पूर्ण गेली असे धरतात, म्हणजे येथे 60 हजारांवर. एक हजार वजा जाऊन 79 हजार हाती आले, भंगार कंपनीकडे. तेवढ्यात दुसरी धड गाडी येत नाही. सर्व्हेअरने जागेवरचे फोटो मागितले, तर मी गाडी आधीच ट्रॅक्टरने ओढून आणलेली! पीकविम्याला ‘72 तासांत कळवा, फोटो काढा’ असे गावोगाव सांगत फिरलेला माणूस मी.

किल्ला शेवटी एसटीने जाऊन पाहिला. परतताना सौ. मोंढ्यात थांबली आणि ओळीने लागलेल्या ट्रॉल्यांच्या मागे जाऊन एकेक पाहू लागली. चौदांपैकी पाचांना पट्टी होती.